दोन बोटं वाढलं की

आमचे हे शिंपी होते आणि मी होसकोटे गावाहून आलेली त्यांची तोंडाळ बायको. एवढं आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

बंगळुरात जुन्या बाजाराला पेटे म्हणतात, तिथल्या एका गल्लीत आमचं घर. रस्त्याकडची खोली म्हणजे दुकान, मधे एक पडदा, आणि पडद्यामागे आम्ही तिघं: हे, मी आणि सासूबाई. मूलबाळ झालं नाही. घराणं मराठी, पण बंगळुरात येऊन किती पिढ्या लोटल्या ते कुणालाच धड सांगता यायचं नाही. आमची मराठी ऐकून पुण्याकडच्या पाहुण्या तोंडाला पदर लावून हसायच्या. हसा बापड्यांनो. निम्मं कानडी असेना का, भांडताना आम्हाला शब्द कधी कमी पडले नाहीत.

माप घेण्याची आमच्याकडे एक रीत होती. बाईच्या अंगाला टेप लावायची नाही. बायका मापाला जुनं पोलकं घेऊन यायच्या, हे ते पाटावर पसरून मोजायचे आणि बाई समोर उभी असली तरी मान वर करायचे नाहीत. पुरुषांचं माप मात्र अंगावर घ्यायचं, आणि घेताना टेपेच्या आत दोन बोटं घालायची. घट्ट माप घेतलं की माणूस बसला की शिवण उसवते, असं ते म्हणायचे. सासरे तसंच घेत, त्यांचे वडीलही तसंच. घरातल्या बायकांनी काजं करावीत, हुका लावाव्यात, आणि टेपेला हात लावू नये. लग्न होऊन आले तेव्हा मी एकदा टेप घेऊन दाराचा पडदा मोजायला गेले, तर सासूबाईंनी अशी काही नजर टाकली की मी ती जागच्या जागी गुंडाळून ठेवली.

गावाबाहेर जयनगरात नवी घरं उठत होती तेव्हाची गोष्ट. तिकडे राहायला गेलेली जुनी गिऱ्हाइकं बसने कापड घेऊन आमच्याकडेच यायची, त्यामुळे काम तुंबलेलं असायचं. एके सकाळी यांच्या स्वतःच्याच सदऱ्याचं गळ्याचं बटण लागेना.

"कापड आटलंय," हे म्हणाले.

"आणि पायातल्या वहाणाही आटल्या का?" मी विचारलं. कारण वहाणेचा पट्टा पायात रुतून वळ उठला होता, आणि तो मी आदल्या दिवशीच पाहिला होता.

शिंप्याला दुसऱ्याच्या अंगातला अर्धा इंच दिसतो, स्वतःचं अंग सुजलेलं दिसत नाही. डोळे सकाळी बारीक व्हायचे, जेवण जाईना, मळमळ सुरू झाली. शेवटी जटका, म्हणजे आमच्याकडचा टांगा, बोलावला आणि मोठ्या इस्पितळात नेलं. तिथे रक्त काढलं, लघवी तपासली आणि एका तरुण डॉक्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं की दोन्ही मूत्रपिंडं गेल्यात जमा आहेत. तो कानडीत बोलत होता, मला प्रत्येक शब्द कळत होता, तरी मी त्याला पुन्हा सांगायला लावलं. त्याने पुन्हा सांगितलं. रागावला नाही बिचारा.

रक्त धुणारं यंत्र असतं असं तो म्हणाला, पण तसलं यंत्र बंगळुरात तेव्हा नव्हतं. इथे होतं ते पोट धुणं. बेंबीखाली भोक पाडून नळी घालायची, वर टांगलेल्या बाटलीतलं कोमट पाणी पोटात सोडायचं, थोडा वेळ ठेवायचं आणि मग खालच्या बाटलीत उतरवून घ्यायचं. ते झालं की पुन्हा नवी बाटली. अंगातली घाण त्या पाण्याबरोबर बाहेर पडते म्हणे. दिवसभर, रात्रभर आणि पुन्हा दिवसभर हेच चालायचं. बाटल्या गरम पाण्याच्या बादलीत घालून कोमट करायचं काम सिस्टर मला देऊन टाकायची. यांच्या कपाळावर घाम यायचा, पण तोंडातून चकार शब्द निघायचा नाही. मीच बडबडायची.

धुणं झालं की माणूस वेगळाच दिसायचा. डोळे उघडायचे, भूक लागायची, माझी चेष्टा करावीशी वाटायची. "काय होसकोटे, आज कुणाशी भांडलीस?" असं म्हणाले की समजायचं, आता घरी सोडतील. घरी यायचं, थोडे दिवस बरे जायचे, मग पुन्हा पाय भरायचे आणि पुन्हा भरती. वॉर्डातली माणसं ओळखीची झाली. दारावरचा माणूस आम्हाला बघून जटक्याला आत येऊ द्यायचा. इस्पितळ माहेरासारखं झालं, असं मी एकदा म्हटलं, तर हे म्हणाले, "तुझं माहेर बरं होतं, तिथे जेवणात मीठ असायचं."

मीठ बंद होतं. पाणी मोजून. डाळ, केळं बंद. आणि शहाळं तर विषच, असं डॉक्टरने बजावलं होतं. आता आमच्या गावात आजाऱ्याला बघायला कुणी हात हलवत येत नाही, प्रत्येकाच्या हातात एळनीर. शहाळं सोललेलं, वर टोक कापून तयार. मी दारातच अडवायची. "अय्यो, एळनीर थंड असतं अक्का, एक घोट तरी द्या," असं म्हणणाऱ्या शेजारणीला मी म्हटलं होतं, "द्या इकडे, मीच पिते." आणि तिच्यासमोर उभी राहून प्यायले. गल्लीत माझं नाव झालं. पण त्यानंतर शहाळं आलं नाही.

यांना इस्पितळाचा तिटकारा होता, आणि तो दुखण्यापेक्षा तिथल्या कपड्यांमुळे जास्त होता. पाठीवर नाडी बांधायचा तो झगा पाहून म्हणाले होते, "हा ज्याने शिवला त्याला एक दिवस घालायला लावा." पुढच्या खेपेला जाताना स्वतःसाठी सदरा शिवून नेला, कुशीला उघडणारा, म्हणजे नळी घालताना काढायला नको. सिस्टर खूश झाली. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यालाही तसाच हवा होता. पण सदऱ्याने काय होतंय. खाटेवर पडून छताकडे बघत राहणं त्यांना सोसायचं नाही. घरी असले की ताकद नसली तरी मशीनशी बसायचे, पायाने पावडी हलवायचे, सुईत दोरा नसला तरी. मला म्हणायचे, "मला घरी असू दे. बाकी काय व्हायचं ते होऊ दे." आणि मला तर बाकी काहीच व्हायला नको होतं. आमच्या दोघांत भांडण होतं ते एवढंच.

एकदा घरी सोडताना डॉक्टरने विचारलं, "अंगात पाणी किती साठतंय ते रोज बघायला हवं. घरी वजनाचा काटा आहे?"

"कोळशाच्या वखारीत आहे," हे म्हणाले.

डॉक्टर हसला. "टेप तरी आहे ना? मग रोज सकाळी उठल्यावर पोटाचं आणि पोटरीचं माप घ्या. दोन बोटं वाढलं की दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, यायचं."

हे काम यांच्याच हातातलं. रोज सकाळी पडद्यापलीकडे उभं राहून स्वतःचं माप घ्यायचे आणि मला ओरडून सांगायचे, "कालच्याइतकंच." मी चुलीपाशी निर्धास्त. गौरी-गणपतीचे दिवस आले, दुकानात पोलक्यांचा ढीग, आणि रोज कालच्याइतकंच. मी देवापुढे हात जोडले. चेहरा सुजतोय असं मला वाटायचं, पण मापच सांगतंय म्हटल्यावर माझ्या डोळ्यांना कोण विचारतो?

गौरी विसर्जनाच्या दिवशी दुपारी यांना श्वास घेता येईना. ओठ निळे पडले. जटक्यात माझ्या खांद्यावर डोकं टाकून माणूस माशासारखा तोंड उघडत होता. इस्पितळात धावपळ झाली, नळी घातली, बाटल्या टांगल्या, आणि जरा थाऱ्यावर आल्यावर डॉक्टर माझ्यावर उखडला. इतके दिवस काय करत होता तुम्ही? मी म्हटलं, आज सकाळचं माप कालच्याइतकंच होतं. तेव्हा त्याने सिस्टरकडून टेप मागवली आणि यांच्या पोटरीला गुंडाळून घरी सोडतानाच्या मापाशी ताडून बघितली. दोन कशाची, चांगली चार बोटं वाढली होती.

मी यांच्याकडे बघितलं. हे भिंतीकडे बघत होते.

डॉक्टर गेल्यावर मी खाटेच्या कडेला बसले. "बोटं घालून माप घेत होता ना तुम्ही?"

"सवय," हे म्हणाले. "अंगाला घट्ट टेप लावायची हाताला सवयच नाही."

"सवयीने दोनच बोटं जातात. तुम्ही आधी चार घातलीत आणि अंग भरेल तसं एकेक काढत आलात, म्हणून आकडा तोच."

त्यांनी चादरीची शिवण बोटाने चाचपली. मग म्हणाले, "सणाचे दिवस घरी काढायचे होते."

मी तिथे रडले नाही. मी त्यांना झाडलं. काय काय बोलले ते आठवत नाही, पण शेजारचा म्हातारा तोंडावर चादर ओढून झोपल्याचं सोंग करत होता, ते आठवतं. शेवटी मी म्हटलं, यापुढे माप मी घेणार. हे म्हणाले, "तुला येत नाही." मी म्हटलं, "शिकवा."

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी शिकवणी सुरू झाली. हे हात थोडे लांब करून उभे राहिले आणि मी टेप घेऊन समोर. पोटरीचं माप सोपं होतं, खाली बसून घेता आलं. पोटाचं कसं घ्यायचं? टेप पाठीमागून आणायला दोन्ही हात त्यांच्याभोवती घालायला हवेत. भर सकाळी, पलीकडे रस्ता, आणि पडद्याच्या या बाजूला सासूबाई भाजी चिरतायत. इतकी वर्षं संसार केला, पण उजेडात मी त्यांना असं कधी धरलं नव्हतं. मी टेपेचं टोक एका हाताने पाठीमागे टाकायला बघितलं, ते खाली पडलं. पुन्हा टाकलं, पुन्हा पडलं.

"मासे पकडतेस का?" हे म्हणाले. "जवळ ये. गिऱ्हाईक लाजलं तरी चालतं, शिंप्याने लाजून भागत नाही."

मी जवळ गेले. कान त्यांच्या छातीला लागला. हात पाठीमागे एकमेकांना भेटले, टेप पुढे आली. "आता ओढ," ते वरून सांगत होते, "अगं, बोट काढ आतलं. घट्ट. आणखी. हां." औषधाचा आणि इस्त्रीच्या कोळशाचा वास येत होता. आकडा वाचायला मला उशीर लागला, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते त्यांना दिसू द्यायचं नव्हतं.

मागे विळीचा आवाज थांबला होता. मला वाटलं, झालं, आता महाभारत. सासूबाई उठल्या, दाराशी गेल्या, रस्त्याकडचं दार लोटून घेतलं आणि परत विळीवर येऊन बसल्या. "सरी, बरंय, घे माप," म्हणाल्या. त्या दिवसापासून आमचं माप होईपर्यंत दुकान उघडत नसे. कुणी दार वाजवलं तर त्या आतून ओरडायच्या, "स्वल्प थांबा."

मग मी फौजदार झाले. दोन बोटं वाढली की मी तोंडाने काही बोलायची नाही, पिशवी भरायला घ्यायची. हे म्हणायचे, उद्या बघू. मी म्हणायची, उद्या नाही. हे म्हणायचे, एक कोट अर्धा राहिलाय. मी म्हणायची, गिऱ्हाईक थंडीने मरत नाही. जटकेवाला येऊन उभा राहायचा. त्यांना मी कधी विचारलं नाही, जायचं का म्हणून. सांगायची, निघायचं. वेळेवर नेल्यामुळे पुन्हा कधी ओठ निळे पडायची पाळी आली नाही, आणि मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू. पण दोन खेपांमधले दिवस मात्र कमी कमी होत गेले. आधी घरात महिना मिळायचा, मग पंधरवडा, मग घरी आलेली पिशवी रिकामी करावी की नको असं वाटायला लागलं.

आणि मग एके सकाळी माप उतरलं.

मला वाटलं माझंच चुकलं. पुन्हा घेतलं, घट्ट घेतलं, तरी पोटरी एक बोट कमी. दुसऱ्या दिवशी तेवढंच, आणि चार दिवसांनी आणखी एक बोट कमी. पोटही वाढलेलं नव्हतं. मी सासूबाईंना तिथूनच हाक मारून सांगितलं. त्या देवाकडे वळल्या. हे खाली वाकून आपल्या पायांकडे बघत होते. त्यांनी बोटाने पोटरी दाबली, सोडली, पुन्हा दाबली. "हो," म्हणाले. "कमी झालंय खरं."

तो आठवडा मला अजून जसाच्या तसा आठवतो. मी तुपाचा केसरीभात, म्हणजे आपला शिरा, केला, त्यात मीठ लागतच नाही. गल्लीत ज्यांच्याशी अबोला धरला होता त्यांच्याशी बोलले. शेजारणीला म्हटलं, औषध लागू पडलं हो, सूज ओसरतेय. हे दुपारी मशीनशी बसून स्वतःचे सदरे बाजूंनी आत घेत होते. मी म्हटलं, "बघा, सूज गेली तर सगळे ढगळे व्हायला लागले." हे म्हणाले, "हो ना, आता नीट बसतील." आणि दोरा दाताने तोडला.

ठरलेल्या दिवशी इस्पितळात दाखवायला गेलो तेव्हा मीच पुढे. डॉक्टरने विचारायच्या आधी मी माप सांगितलं, कसं घेतलं तेही सांगितलं. डॉक्टरने यांची पोटरी दाबली, दंड चिमटीत धरून बघितला, आणि यांच्याकडे वर बघितलं. यांनीही त्याच्याकडे बघितलं. डॉक्टर दंड सोडून मला म्हणाला, "माप छान घेता तुम्ही, अम्मा." मी जटक्यात बसेपर्यंत तेच घोकत होते.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. यांना हीव भरून ताप आला, पोटाला हात लावू देईनात. पुन्हा भरती. या वेळी नळीतून उतरणारं पाणी गढूळ होतं. ताप उतरायला बरेच दिवस गेले, आणि घरी सोडायच्या आदल्या दिवशी डॉक्टरने मला व्हरांड्यात बोलावलं.

"अम्मा, त्या वेळी पाणी नव्हतं उतरलं," तो म्हणाला. "मांस झडलं होतं. शरीर स्वतःलाच खातंय."

मी विचारलं, त्या दिवशी का नाही सांगितलं?

"त्यांनी डोळ्यांनी नको म्हटलं." मग तो म्हणाला की पोटात आता पू धरतोय, धुऊन पूर्वीसारखं काही व्हायचं नाही. "त्रास झाला तर आणा, आम्ही आहोत. नाहीतर घरी असू दे त्यांना. आता मापावर जाऊ नका."

जटका घराकडे निघाला. यांच्या मांडीवर पिशवी होती, ती मी काढून माझ्याकडे घेतली. चामराजपेट मागे पडलं. मी गप्प आहे म्हणून तेच वळून बघायला लागले.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"मी शिंपी आहे," ते म्हणाले. "सूज गेलेलं अंग आणि सुकलेलं अंग वेगळं असतं. सदरा खांद्यावरून उतरायला लागला होता."

"मग मला का नाही सांगितलंत?"

त्यांनी घोड्याच्या कानांकडे बघत विचार केला. "त्या आठवड्यात तू माझ्यावर एकदाही ओरडली नाहीस," म्हणाले. "स्वयंपाकघरात गुणगुणत होतीस. लग्न झाल्यापासून मी ऐकलं नव्हतं. ते कोण थांबवेल?"

मी त्यांच्यावर ओरडले. जटकेवाल्याने मागे वळून बघितलं. ओरडता ओरडता रडले, आणि यांनी रस्त्यात, सगळ्यांच्या देखत, माझा हात धरला.

डॉक्टरने मापावर जाऊ नका म्हणून सांगितलं होतं, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी हे आपणहून हात लांब करून उभे राहिले. सासूबाई उठून दार लोटून आल्या. मी माप घेतलं. रोज घेत राहिले. आधी काही फरक नव्हता. मग एके सकाळी टेप पुढे आली ती कालच्या आकड्यावर मिळेना. पोट दोन बोटं वाढलं होतं. आतलं बोट काढून पुन्हा घेतलं, तेवढंच.

मी आकडा आहे तसा सांगितला. खोटं सांगून उपयोग नव्हता, त्यांना टेप कुठे आली ते अंगावरच कळायचं. पिशवी खुंटीला होती. रोजच्यासारखं मी तिच्याकडे बघितलं, आणि मग त्यांच्याकडे बघितलं.

"जायचं का?" मी विचारलं.

इतक्या खेपा झाल्या, मी त्यांना हे पहिल्यांदा विचारत होते. त्यांना ते कळलं. त्यांनी हनुवटी माझ्या डोक्यावर टेकवली.

"नको, होसकोटे," म्हणाले. "आता घरीच राहू."

"बरं," मी म्हटलं.

मी त्यांच्याभोवती हात टाकले तशी टेप सुटून खाली पडली. बाहेर कुणीतरी दार वाजवत होतं, दुकान उघडायची वेळ कधीच होऊन गेली होती. आतून सासूबाईंनी सांगितलं, स्वल्प थांबा. माझे हात त्यांच्या पाठीमागे होते ते मी काढले नाहीत.